दाढ काढताना खड्ड्यात हाडाची पूड भरून घ्यावी का? (पुढेमागे इम्प्लांट करायचं असेल तर)

सायली_खानापूर
नमस्कार मंडळी. आईची (वय ५८) खालची डावी मोठी दाढ काढायची आहे. जुनं रूट कॅनाल, वर टोपी, आणि आता मूळच उभं चिरलंय. दाढ वाचणार नाही यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे. पुढचं मात्र जुळत नाही. बेळगावात टिळकवाडीतल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, दाढ काढतानाच खड्ड्यात हाडाची पूड भरू, वर पडदा लावून टाके घालू, म्हणजे जबड्याचं हाड बसणार नाही आणि चार-सहा महिन्यांनी इम्प्लांट (हाडात स्क्रू आणि त्यावर नवा दात) नीट बसवता येईल. आमचे खानापूरचे जुने डॉक्टर म्हणतात, "काही नको गं, खड्डा आपोआप भरतो."

खर्च नुसती दाढ काढण्याच्या कितीतरी पट आहे. आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. इम्प्लांट करायचंच असंही अजून पक्कं नाही. कुणी हे करून घेतलंय का? आणि न करता इम्प्लांट बसलंय असं कुणी आहे का?

कुंदाप्रेमी
कुंदा चावायला दाढ लागत नाही एवढंच सांगतो आणि बाजूला होतो.

वडगावचा_विणकर
ताई, हे सगळं हल्ली निघालंय. आमच्या आज्जीचे सगळे दात पडले तरी नुसत्या हिरड्यांवर ज्वारीची भाकरी खायची, आमटीत कुस्करून. कुणी पूड भरली नाही का पडदा लावला नाही. आता एक दात काढायला गेलं की चार गोष्टी चिकटवूलालेत. तुमचे खानापूरचे डॉक्टर बरोबर सांगूलालेत बघा.

निपाणीचा_बाळू
@विणकर, आज्जीला इम्प्लांट बसवायचं नव्हतं ओ. मुद्दा तोच आहे.

माझं ऐका. वरचा पुढचा दात, गाडीवरून पडून तुटलेला. एका दवाखान्यात काढला, कापूस चावायला दिला, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. पुढे काय बसवणार, कधी बसवणार, कुणी विचारलं नाही आणि मला तरी काय ठाऊक. काढता-घालता दात लावून हिंडत होतो. लग्न ठरल्यावर कोल्हापूरला इम्प्लांटसाठी गेलो तर सीटी बघून म्हणाले, हाड सुरीच्या धारेसारखं झालंय, आधी हाड वाढवायचं ऑपरेशन, मग सहा महिने थांबा, मग इम्प्लांट. लग्नाच्या फोटोत तोच काढता-घालता दात आहे. आधी कुणी विचारलं असतं तर पूड परवडली असती.

शहापूरची_सून
माझी खालचीच दाढ काढली होती, काही भरलं नव्हतं. चार महिन्यांनी इम्प्लांट बसलं, अजून घट्ट आहे. डॉक्टर म्हणाले हाड भरपूर रुंद आहे. म्हणजे निपाणीकर दादांचं खोटं नाही, खरं सगळ्यांना लागतंच असंही नाही.

दाढीवाला_डॉक्टर
दंतवैद्य आहे, बेळगावातच. (नाव दाढीवरून, दाढेवरून नव्हे.) धागा चांगला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सायली, तुमचे दोन्ही डॉक्टर खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. खड्डा आपोआप भरतो हे शंभर टक्के खरं. आधी रक्ताची गुठळी, मग कोवळा मांसल भाग, मग हाड. पण विहीर बुजता बुजता तिचा कठडा ढासळतो, तसं होतं. आतला खड्डा भरतो आणि भोवतीची भिंत खचते, त्यातही गालाकडची, ओठाकडची भिंत जास्त. कारण असं की दाताच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात, ते ज्या पातळ हाडात रुतलेले असतात ते हाड दाताच्याच जिवावर जगतं. दात गेला की शरीर ते शोषून घेतं. पुढच्या दातांना बाहेरून असलेली भिंत बहुतेकांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, जवळजवळ सगळी त्याच हाडाची. ती गेली की निपाणीकरांसारखी धार उरते. मागच्या दाढांच्या भिंती जाड, म्हणून शहापूरच्या वहिनींचं निभावलं.

किती खचतं? २००३ साली प्रसिद्ध झालेला डेन्मार्कमधला श्रॉप आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आम्हाला शिकताना सांगतातच. दाढा आणि उपदाढा काढलेल्या लोकांच्या जबड्याची रुंदी वर्षभरात सरासरी १२ मिमीवरून ६ मिमीच्या आत आली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांत. उंचीही कमी होते, पण रुंदीच्या मानाने थोडी.

आता पूड काय करते? खचणं थांबवत नाही, कमी करते. नुसत्या काढलेल्या दाताच्या तुलनेत सरासरी एक ते दोन मिलिमीटर वाचतं. हा आकडा ऐकून विणकर काका हसतील. पण इम्प्लांटचा स्क्रू चारेक मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हाड लागतं. जिथं मुळात सहा-सात मिमीच उरणार तिथं दोन मिमी म्हणजे एक ऑपरेशन वाचलं. जिथं दहा मिमी उरणार आहे तिथं त्या दोन मिमीसाठी पैसे कशाला घालवायचे?

आणि पुडीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दात कसा काढला. पकड लावून हिसकला तर पातळ भिंत दाताबरोबरच निघून येते, मग वर काहीही भरा. दाढेची मुळं कापून एकेक वेगळं काढणं, हिरडी न फाडणं, मुळाशी बारीक हत्यार घालून तंतू सोडवणं, याला वेळ लागतो. टिळकवाडीच्या मॅडमना आधी हे विचारा: दाढ कशी काढणार?

वडगावचा_विणकर
हसलो नाही डॉक्टर. दोन मिलिमीटर म्हणजे किती ते मागावर बसलेल्याला विचारा.

माळकरी_चंदगड
डॉक्टर, एक शंका. ही पूड कशाची असते? आमच्या भावजीला बेळगावातच बसवली, घरी आल्यावर कागदावर वाचलं तर गायीच्या हाडाची. घरात माळ आहे, एकादशी आहे. भावजी महिनाभर कुणाशी बोलला नाही.

दाढीवाला_डॉक्टर
माळकरी बुवा, हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो आणि डॉक्टरांनी तो स्वतःहून काढला पाहिजे असं माझं मत आहे. प्रकार चार. स्वतःच्याच जबड्यातलं हाड. दुसऱ्या माणसाने दान केलेलं, प्रक्रिया केलेलं हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेचं आपल्याकडे बरंच वापरतात. जनावराचं, म्हणजे बहुतेक वेळा गायीबैलाचं. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून नुसता खनिज सांगाडा ठेवलेला असतो. आणि चौथं कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटचं, त्यात प्राणी नाही.

खरी गंमत वरच्या पडद्यात आहे. पूड कृत्रिम मागितली म्हणून लोक निश्चिंत होतात, पण विरघळणारा कोलॅजनचा पडदा डुकराच्या किंवा गायीच्या कातडीपासून वा हृदयाभोवतीच्या आवरणापासून केलेला असू शकतो. दोन्ही विचारा. बेळगावात लिंगायत, जैन, वारकरी, मुसलमान, सगळ्यांना यातलं काही ना काही चालत नाही. कृत्रिम पूड आणि प्राणिज नसलेला पडदा मिळतो, मागावा लागतो.

कुंदाप्रेमी
एका दातात सर्वधर्मसमभाव.

चिकोडी_एक्स्प्रेस
माझ्या वहिनीला यातलं काहीच भरलं नव्हतं, तिचंच रक्त काढून यंत्रात फिरवलं आणि त्याची जेलीसारखी चकती खड्ड्यात ठेवली. खर्च कमी आला. हे चालतं का?

पीजी_पेरिओ
हिरड्यांच्या विभागात पीजी करतोय, म्हणून मध्ये बोलतो. ते पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन. २००१ च्या सुमारास फ्रान्समध्ये शुक्रून यांनी ही पद्धत आणली. रक्त नळीत घेऊन लगेच फिरवायचं, त्यात काही औषध मिसळायचं नाही. जखम लवकर भरते, दुखणं कमी राहतं, हे आम्ही रोज बघतो. हाड वाचवण्याच्या बाबतीत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही जण पूड आणि पीआरएफ कालवून भरतात.

विणकर काकांची शंका अगदीच अडाणी नाही हेही सांगून टाकतो. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या परीक्षणाने या विषयावरचे सगळे चांगले प्रयोग एकत्र तपासले. हाडाचं खचणं कमी होतं, पण पूड भरलेल्यांची इम्प्लांटं न भरलेल्यांपेक्षा जास्त टिकतात असं दाखवणारा भक्कम पुरावा हाती लागला नाही. कुठली पूड सरस तेही ठरलं नाही. त्यामुळे "आमचीच पूड सर्वोत्तम" कुणी म्हणालं तर हसून मान डोलवा.

वडगावचा_विणकर
बघा! पोरगं शिकूलालंय खरं बरोबर बोलतंय.

दाढीवाला_डॉक्टर
पोरगं बरोबर आहे. पण प्रयोगातली बरीच माणसं इम्प्लांट बसवता आलेली माणसं असतात. निपाणीकरांसारखा, ज्याला आधी वेगळं ऑपरेशन लागलं, त्याचा जादा खर्च आणि गेलेले महिने "इम्प्लांट टिकलं" या एका रकान्यात दिसत नाहीत. माझा हिशोब असा: पुढचे दात, पातळ भिंत, किंवा एक भिंत आधीच गेलेली असेल तर भरा. रुंद, शाबूत भिंतींची दाढ आणि तीन-चार महिन्यांत इम्प्लांट पक्कं असेल तर नाही भरलं तरी चालेल. अक्कलदाढ? अजिबात नाही, तिथं इम्प्लांट कोण बसवतंय.

सायली, तुमच्या आईच्या केसमध्ये "मूळ उभं चिरलंय" हे महत्त्वाचं आहे. चिरेच्या रेषेत जंतू उतरतात आणि तेवढ्या पट्टीत हाड खालपर्यंत खातात. म्हणजे जाड दाढ असूनही एक भिंत आधीच भोकसलेली असू शकते. थ्रीडी सीटी काढलाय का?

सायली_खानापूर
नाही, साधा एक्सरे आहे. मॅडमनी सीटी सांगितलाय, मलाच वाटलं उगाच खर्च. काढून घेते.

हलशीचा_पावणा
आमच्याकडे एक वेगळाच प्रॉब्लेम झाला. पूड भरायची म्हणून आईसमोर संमतीचा कागद ठेवला, अर्धा कन्नड, अर्धा इंग्रजी. आई म्हणाली मला वाचून दाखवा. तिथली मुलगी म्हणाली सही करा, सगळेच करतात. हे काय बरोबर नाही. सीमाभागात मराठीत कागद...

निपाणीचा_बाळू
झालं सुरू. १ नोव्हेंबर जवळ आला वाटतं.

हलशीचा_पावणा
राजकारण नाही ओ दादा. माझ्या जबड्यात गायीचं हाड घालताय का माणसाचं, हे मला कळणाऱ्या भाषेत सांगा एवढंच.

संपादक
पावण्यांचा मुद्दा धाग्याला धरून आहे म्हणून ठेवला. पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या दातांपेक्षा जुना आहे.

दाढीवाला_डॉक्टर
सही करण्याआधी समजावून मागायचा हक्क तुमचाच आहे, आणि बेळगावात मराठी बोलणारं कुणीतरी प्रत्येक दवाखान्यात सापडतं. सही थांबवा, माणूस बोलवा.

शहापूरची_सून
डॉक्टर, माझ्या सासूबाईंना हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन देतात. त्यांचीही दाढ हलतेय. त्यांना पूड चालेल का?

दाढीवाला_डॉक्टर
वहिनी, पुडीचं राहू दे, आधी दाढच सावकाश घ्या. ते इंजेक्शन झोलेड्रोनिक ॲसिड असणार. त्या गटातल्या औषधांनी, आणि काही कॅन्सरच्या औषधांनी, क्वचित दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडतं. ठिसूळ हाडांच्या डोसमध्ये हा धोका कमी असतो, कॅन्सरच्या डोसमध्ये बराच जास्त. औषध आपल्या मनाने बंद करू नका. दंतवैद्याला औषधाचं नाव, कधीपासून चालू आहे, शेवटचं कधी घेतलं ते सांगा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. हे लोक सांगायला विसरतात, कारण रोजची गोळी नसते ना.

चिकोडी_एक्स्प्रेस
दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट ठोकतात ते काय? आमच्या गल्लीतल्या एकाने केलं. सकाळी गेला, संध्याकाळी दात घेऊन आला. मग पूड कशाला आणि थांबायचं कशाला?

पीजी_पेरिओ
होतं तसं, नीट निवडलेल्या केसमध्ये. भिंती शाबूत, पू नाही, आणि मुळाच्या टोकापलीकडे स्क्रू धरायला पक्कं हाड, एवढं लागतं. पण लगेच स्क्रू घातला म्हणून बाहेरची भिंत खचायची थांबत नाही, हे २००५ च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट झालं. म्हणून स्क्रू आणि भिंत यांच्या मधल्या फटीत बऱ्याचदा पूड भरतातच. खालच्या दाढेखालून ओठाची नस जाते, तिच्यापासून निदान दोन मिमी लांब राहावं लागतं. वरच्या दाढेवर सायनसची पोकळी असते, दात गेल्यावर ती खाली उतरते, मग सायनस उचलायचं वेगळंच काम निघतं.

आणि एक मजेशीर पद्धत आहे: दाताची ओठाकडची एक खाप मुद्दाम आतच ठेवतात, म्हणजे तिचे तंतू जिवंत राहतात आणि भिंत खचत नाही. २०१० मध्ये जर्मनीतून आली. ऐकायला सोपी, हाताला फार अवघड. आमचे सर अजून आम्हाला हात लावू देत नाहीत.

वडगावचा_विणकर
दात काढायला जायचं आणि अर्धा आत ठेवून यायचं. पैसे पूर्ण का?

निपाणीचा_बाळू
😂

आमच्याकडच्या लोकांसाठी एक राहिलंच. निपाणी म्हणजे तंबाखू. विडी, मिश्री, गायछाप, सगळं. मला कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, विडी चालू ठेवणार असशील तर हाड वाढवायचं ऑपरेशन मी करत नाही. राग आला होता. डॉक्टर, खरंच एवढा फरक पडतो?

दाढीवाला_डॉक्टर
पडतो. धुराने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, गुठळी टिकत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो, खड्डा कोरडा पडतो. पुडीवरचं टाक्याचं कव्हर उघडलं तर पूड वाया. इम्प्लांट निसटण्याचं प्रमाणही ओढणाऱ्यांत जास्त. मिश्रीवाल्या मावश्या म्हणतात "मी ओढत नाही, नुसती घासते". टाक्यांवर तंबाखू घासायची म्हणजे काय, तुम्हीच बघा.

माळकरी_चंदगड
इम्प्लांट परवडत नाही त्यांचं काय? आमच्याकडे तेच जास्त.

पीजी_पेरिओ
बुवा, दाताला दुसरे मार्ग आहेतच. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, करता येतो, त्यात शेजारचे दोन दात घासावे लागतात. काढता-घालता दात सगळ्यात स्वस्त, पण वरून दाब पडत राहिल्याने खालचं हाड वर्षानुवर्षं झिजतच जातं. पूर्ण कवळी लागणाऱ्या बीपीएल ज्येष्ठांसाठी कर्नाटकात दंतभाग्य योजना आहे, डेंटल कॉलेजमध्ये चौकशी करा. कॉलेजात खर्च खासगीपेक्षा कमी, फक्त वेळ काढून यायचं. आम्ही शिकतोय म्हणून घाबरू नका, मागे सर उभे असतात.

सायली_खानापूर
परत आले. सीटीत डॉक्टर म्हणाले तसंच निघालं. गालाकडच्या भिंतीत चिरेच्या रेषेत हाड खालपर्यंत नाही. तीन महिन्यांची शुगरही जास्त आली, फिजिशियननी गोळ्या बदलल्या. मॅडमनी सरळ सांगितलं, दाढेत जंतू आहेत, शुगर उतरायची वाट बघत ठेवता येणार नाही. काढून बघू, पू असेल तर नुसतं साफ करून टाके घालू, पूड नंतर. पू नसेल तर तेव्हाच भरू. मुळं कापून वेगवेगळी काढणार का विचारलं, तर म्हणाल्या तुम्हाला कुणी शिकवलं?

पू नव्हता. कृत्रिम पूड, वर प्राणिज नसलेला पडदा (माळकरी बुवांमुळे विचारलं). इम्प्लांटचं आईने अजून हो म्हटलेलं नाही. "जागा करून ठेवा, बसायचं का ते मी बघते" असं तिचं म्हणणं.

आता नवीन तक्रार: दुसऱ्या दिवसापासून तोंडात रव्यासारखे दाणे येतात. आई विचारते, एवढं महागाचं थुंकू का गिळू?

दाढीवाला_डॉक्टर
पहिल्या काही दिवसांत चार-दोन दाणे येतात, घाबरू नका. जोरात थुंकायचं नाही, चूळ खळखळून भरायची नाही, पाणी तोंडात घेऊन नुसतं खाली सोडायचं. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. त्या बाजूने चावायचं नाही. आंबील, पेज, मऊ भात, सगळं कोमट. दाणे रोज वाढायला लागले, टाका सुटला, सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी मॅडमकडे. आणि गिळले तरी पोटाला काही होत नाही, आईला सांगा.

हलशीचा_पावणा
डॉक्टर, अर्जंट. पुतण्या १३ वर्षांचा, काल संध्याकाळी क्रिकेटचा बॉल लागून वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. दात काडेपेटीत ठेवलाय. दवाखाना बंद होता. त्याला इम्प्लांट करायचं का? पूड भरायची का?

दाढीवाला_डॉक्टर
इम्प्लांट आत्ता नाही. वाढ पूर्ण होईपर्यंत नाही, नाहीतर बाकीचे दात खाली येतात आणि स्क्रूवरचा दात तिथंच वर अडकून राहतो. दात तासाभरात बसवला असता तर सर्वात उत्तम, पडल्या पडल्या दुधात टाकायला हवा होता. रात्रभर कोरडा राहिला म्हणजे त्याचे तंतू मेले. तरीही फेकून देऊ नका! असा दात परत बसवला तर काही वर्षांत मूळ हाडात विरघळत जातं, पण तोवर तिथली भिंत धरून ठेवतो. वाढत्या पोराला याहून चांगली पूड नाही. दात घासू नका, मुळाला हात लावू नका, तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरून दुधात टाका आणि आजच बेळगाव गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघा.

हलशीचा_पावणा
निघतो. दूध गरम का थंड?

दाढीवाला_डॉक्टर
थंड. साखर नको.